सोमवारी घारापुरी बंद

मुंबईला जायचं हे आमच्या घरात चार वर्षं नुसतं बोलण्यातच होतं. ह्यांना बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून सलग सुट्टी मिळत नाही. नणंद डोंबिवलीला, तिची पोरं मोकळी दिवाळीत, तर आमची दसऱ्यात. कर्नाटकातली शाळा आणि महाराष्ट्रातली शाळा यांच्या सुट्ट्या काही एकमेकींना भेटत नाहीत. शेवटी तो नादच सोडला. धनुर्मास लागला की लग्नं थांबतात, ब्लाउजांची घाई ओसरते आणि माझं मशीन जरा श्वास घेतं. म्हणून डिसेंबरातला शनिवार, रविवार, सोमवार धरला आणि सोमवारची शाळा बुडवायची ठरवली.

माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा, सासूबाई आणि अठ्ठ्याहत्तरीतले सासरे, म्हणजे आप्पा. पोरांना पेंग्विन बघायचे होते. आईंना सिद्धिविनायक. ह्यांना लोकलमध्ये बसायचं होतं, चाळीस वर्षांचा माणूस! मला घारापुरीची लेणी, शाळेच्या पुस्तकातला त्रिमूर्तीचा फोटो डोक्यात बसलेला. आप्पा म्हणाले, "मला हुतात्मा चौक दाखवा, बाकी कुठं न्यायचं तिकडं न्या."

मापाच्या वहीची शेवटची पानं उलटी धरून बेत लिहायला घेतला. पहिला बेत असा होता: शनिवारी देवदर्शन, रविवारी राणीची बाग, सोमवारी घारापुरी, कारण सोमवारी गर्दी कमी. झकास वाटला. दोन दिवसांनी सहज फोनवर बघितलं तर घारापुरी सोमवारी बंद! बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग कुठवर जाते ते सांगायला नको. मग मी उलटं केलं. काय बघायचं ते बाजूला ठेवून आधी कुठं कधी कुलूप असतं ते लिहून काढलं आणि उरलेल्या जागेत माणसं बसवली. घारापुरी शनिवारी आली. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणून रविवारचा दिवस मेट्रोवर टाकला. राणीची बाग सोमवारी, तेही अकरानंतर. सकाळच्या लोकलमध्ये म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन चढायचं धाडस माझ्यात नव्हतं.

तिकिटाचं सांगते, कारण तिथं आम्ही आपल्या हातानं घोळ केला. बेळगावातून जायला हुबळी–दादर एक्स्प्रेस सोयीची, रात्रभरात दादर. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. म्हाताऱ्यांना खालचा बर्थ मिळावा म्हणून सीनियर सिटिझनचा कोटा निवडला, पण त्या कोट्यात एका तिकिटावर दोनच माणसं चालतात. म्हणून त्या दोघांचं वेगळं तिकीट काढलं आणि आमचं वेगळं. खालचे बर्थ मिळाले, पण डबा एस तीन! आम्ही एस सातमध्ये. रात्री आप्पांना बाथरूमला न्यायला चार डबे ओलांडून जायचं काय? मग एस तीनमधल्या एका मिरजेच्या पोराला विनवलं. तो आमच्या डब्यात गेला, हे तिकडं गेले. मुलाचंही पूर्ण तिकीट काढलं. पाच ते बारा वर्षांच्या पोराला बर्थ नको असेल तर अर्धं लागतं, पण अर्ध्या तिकिटात त्याला रात्रभर माझ्या पोटावर झोपवावं लागलं असतं.

लॉजचा अनुभव वेगळाच. नणंदेचं घर वन रूम किचन, तिथं सहाजण जायचे म्हणजे तिलाच बाहेर झोपवायचं. म्हणून दादर पश्चिमेला फोनवर एक लॉज ठरवला, ॲडव्हान्स पाठवला. "स्टेशनपासून चालत पाच मिनिटं," असं सांगितलं होतं, ते खरं निघालं. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. आप्पांचे गुडघे म्हणजे प्रत्येक जिन्याला वेगळी प्रार्थना. दुसरी खोली रिकामी नाही म्हणाले, ॲडव्हान्सही परत नाही. मग दिवसातून एकदाच उतरायचं आणि एकदाच चढायचं, असा सगळा बेत पुन्हा मांडला.

काउंटरवर आधार कार्डं दिली. आमची कार्डं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. मॅनेजरनं आप्पांचं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि कौतुकानं म्हणाला, "कानडी असून मराठी छान बोलता हो तुम्ही." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आप्पांकडं बघितलंच नाही. दर १७ जानेवारीला, सीमाभागातल्या हुतात्मा दिनी, थंडी असो काही असो, बेळगावच्या हुतात्मा चौकात फूल वाहायला जाणारा माणूस तो. आप्पा एवढंच म्हणाले, "व्हय, शिकलोय थोडं थोडं." आणि जिना चढायला लागले.

शनिवारी गेटवेला जायला टॅक्सी दोन कराव्या लागल्या. दादरपासून खाली शहरात रिक्षा नाहीत आणि टॅक्सीत चारच माणसं घेतात, हा हिशेब मी खर्चात धरलाच नव्हता. लाँचला तासभर लागतो. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी रेल्वे आहे, त्यातच पोरांचे पैसे वसूल झाले. वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. आप्पा खालीच मक्याचं कणीस घेऊन बसले. आई मात्र माझ्या आधी वर! वीस फुटी त्रिमूर्तीसमोर त्यांनी चप्पल काढून हात जोडले. मुलगा एकसारखा विचारत होता, "एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठाय?" मला काय माहीत!

रविवारी दर्शन लवकर उरकलं. सिद्धिविनायक स्टेशनवरून भुयारी मेट्रो थेट हुतात्मा चौकाला जाते, आणि तिथं सरकता जिना, लिफ्ट, सगळं. मी बेतात सगळ्यात खूश याच ओळीवर होते. वरळीनंतर गाडीत घोषणा झाली, पुढचं स्टेशन आचार्य अत्रे चौक. आप्पा मागे टेकून बसले होते ते सरळ झाले. "अत्र्यांच्या नावाचं स्टेशन?" आणि मग अत्रे सभेत कसे बोलायचे, आप्पांच्या वडिलांनी ते कसं ऐकलं होतं, ते शेजारी बसलेल्या दोन बायकाही ऐकत राहिल्या. हुतात्मा चौकाला मी वहीत वीस मिनिटं लिहिली होती. रविवार असल्यानं फोर्टात शुकशुकाट, आडव्या रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती. मशाल धरलेल्या शेतकरी आणि कामगाराच्या पुतळ्यासमोर आप्पा तासभर बसले. काही बोलले नाहीत. खिशातून रुमालात गुंडाळलेलं शेवंतीचं फूल काढलं. बेळगावहून आणलेलं, पार सुकलेलं. सीएसएमटीची इमारत त्या दिवशी बाहेरूनच बघितली, म्युझियम राहिलं. राहू दे.

सोमवारी भायखळ्याला लोकलनं गेलो. ह्यांना खिडकी मिळाली, तीन स्टेशनं मिळाली की. पेंग्विनपुढं पोरं दहा मिनिटं उभी राहिली आणि मग आइस्क्रीम मागू लागली. बाहेर येताना बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती दिसला, अंगावर सांधे जोडल्याच्या खुणा. पाटी वाचली. हाच तो घारापुरीचा. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं तो. इंग्रज उचलून न्यायला गेले तेव्हा पडून फुटला, मग तुकडे जोडून इथं आणून ठेवला.

"आई," मुलगा म्हणाला, "ह्याला परत का नेत नाहीत तिथं?"

आप्पा हत्तीच्या जोडलेल्या पायाकडं बघत होते. "चल रे," त्याचा हात धरून म्हणाले, "गाडीला उशीर होईल." गाडीला अजून आठ तास होते.