अकरा महिन्यांचा करार आणि न चिकटवलेले कोरल

मागच्या मे महिन्यात आम्ही ठाण्यातले वर्तकनगरचे भाड्याचे घर सोडून कासारवडवलीला राहायला आलो. त्या दिवशी सकाळी सात वाजता, टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत असताना, मी दिवाणखान्यात जुन्या चादरीवर बसून माझ्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टँकमधला एक दगड छिन्नी-हातोडीने फोडत होते. दगडाच्या माथ्यावर हाताच्या पंजाएवढा लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारख्या अंगाचा जिवंत मऊ प्रवाळ, होता आणि तीन वर्षांपूर्वी मीच तो इपॉक्सी पुट्टीने तिथे पक्का बसवला होता. आठ-नऊ किलोचा तो दगड घरातल्या कोणत्याच बादलीत मावत नव्हता, पुट्टी दगडाहून टणक झाली होती आणि दर दोन-तीन घावांनंतर खाऱ्या पाण्याचा मग ओतून कोरल ओला ठेवावा लागत होता. अखेर दगड फुटला, पण त्याबरोबर कोरलच्या बुडाचा एक लचकाही निघाला. नव्या घरी तो जवळजवळ तीन आठवडे मिटून, तपकिरी चामड्याच्या गोळ्यासारखा पडून राहिला.

टँकमधले बाकीचे बावीस कोरल नंतर आलेले होते आणि त्यांतला एकही मुख्य खडकाला चिकटवलेला नव्हता. ते सारे पंधरा मिनिटांत उचलून झाले. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या माणसाने कोरलशीही कायमचा करार करू नये, असे मी तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते. ही न चिकटवण्याची पद्धत नेमकी कशी, ते आज सविस्तर लिहीत आहे.

आधी माझ्या टँकविषयी थोडे. तो ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. म्हणजे काठोकाठ भरला तर सुमारे १९० लिटर. त्यात मशरूम, झोआ, लेदर आणि झेनिया एवढेच मऊ कोरल आहेत आणि तेही इतर हौशी मंडळींनी आपल्या टँकमध्ये वाढवून दिलेले तुकडे आहेत. दगडी सांगाड्याचे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतात, त्यामुळे परदेशी व्हिडिओंतले रंगीत दगडी कोरल पाहून कुणी शोधाशोध करू नये. मुंबईचा किनारी रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अली इथल्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ छोट्या वसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या, त्यामागेही हाच कायदा होता. माझा खडकसुद्धा समुद्रातून काढलेला नसून कारखान्यात तयार केलेला कोरडा खडक आहे, आणि त्याला भोके पाडता येत असल्यामुळे पुढच्या सगळ्या खटाटोपाला तो सोयीचा पडतो.

मुळात कोरलला चिकटवण्याची गरज फार थोडे दिवस असते, हे समजायला मला दोन वर्षे लागली. मशरूम, झोआ, लेदर हे सगळे जीव स्वतःच्या बुडाने पृष्ठभाग धरतात. मशरूमला त्यासाठी साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, तर लेदरच्या कापलेल्या तुकड्याला दोन-तीन आठवडे. तेवढे दिवस पाण्याच्या झोताने किंवा गोगलगायीच्या धक्क्याने तो जागेवरून हलू नये, एवढीच आपली जबाबदारी. मग तो काय धरून बसेल हे आपण ठरवायचे, आणि ते धरलेले काहीतरी सुटे, बोटांत मावणारे आणि पुन्हा उचलता येणारे असावे.

माझ्याकडे बहुतेक कोरल सिरॅमिकच्या प्लगवर आहेत. प्लग म्हणजे वर रुपयाच्या नाण्याएवढी चकती आणि खाली बोटाच्या पेरापेक्षा बारीक दांडा. माझ्या प्लगचा दांडा १० मिलिमीटरचा आहे. तरीही खडकात मी १२ मिलिमीटरची भोके पाडली, कारण काही महिन्यांत दांड्यावर जांभळट कोरलाइन शेवाळाचा चुनखडीसारखा थर चढतो आणि मापात बसवलेला प्लग मग सुटता सुटत नाही. पहिल्या वेळी मी १० मिलिमीटरच्या दांड्याला १० मिलिमीटरचेच भोक पाडले होते आणि चिकटवू नये म्हणून केलेली सारी व्यवस्था शेवाळाने माझ्या नकळत चिकटवून टाकली. भोके खडक कोरडा आणि टँकच्या बाहेर असतानाच, भिंतीला वापरतात त्या बिटने, डोळ्यांवर चष्मा लावून पाडावीत. पाण्याजवळ विजेचे ड्रिल नेण्याचा विचारही करू नये. भोक आडवे न पाडता आतल्या बाजूला किंचित उतरते ठेवले, तर प्लग स्वतःच्या वजनाने आत टेकून राहतो. भोकात गाळ साचतो, तो मी जाड पिचकारीने दर रविवारी उडवते आणि त्याच वेळी प्रत्येक प्लग एकदा अर्धा फिरवून परत बसवते. या कामाला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही.

झोआचा तुकडा प्लगवर बसवण्यासाठी सुपरग्लूचा जेल चालतो, कारण तो पाण्यातही घट्ट होतो आणि चिकटतो तो सुट्या प्लगला. किराणा दुकानातला पातळ ग्लू मात्र पाण्यात शिरताच पांढरे पापुद्रे होऊन तरंगतो. पुट्टीचा मला आणखी एक राग आहे: ती लावल्यावर दोन दिवस प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र, वेड्यासारखा फेस काढत राहतो आणि सम्पखालची, म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीखालची, फरशी पुसत बसावी लागते.

झोआ हाताळताना हयगय करू नये, हे मात्र गांभीर्याने सांगते. झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असू शकते. हातमोजे आणि चष्मा घालूनच ते कापावेत, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकलावे आणि ज्या दगडावर झोआ आहेत तो साफ करण्यासाठी कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये, कारण वाफेतून विष श्वासात जाऊन माणसे गंभीर आजारी पडल्याच्या घटना घडलेल्या आहेत. लहान मुले आणि मांजरे असलेल्या घरात हे काम ओट्यावर करू नये.

मशरूमला ग्लू लावणे निव्वळ वेळ घालवणे आहे. तो बुळबुळीत द्रव सोडतो आणि ग्लूचा ठिपका जसाच्या तसा प्लगवर ठेवून निघून जातो. यावर उपाय सापडला तो सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात. त्यांनी घागऱ्याच्या उरलेल्या पांढऱ्या नेटचा वीतभर तुकडा काढून दिला आणि त्याचे मी काय करते आहे ते पाहायला मागे उभ्या राहिल्या. दह्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या वाटीला दाभणाने भोके पाडली, तळाशी सुपारीएवढे दगडाचे खडे पसरले, त्यावर तीन मशरूम ठेवले, तोंडावर नेट ओढून रबरबँड लावला आणि वाटी टँकच्या सगळ्यांत शांत कोपऱ्यात वाळूत रुतवली.

“अगं, एवढ्याशा जिवाला मच्छरदाणी कशाला?” त्यांनी विचारले.

“पळून जातो तो, आई. एकदा झोतात सापडला की कुठे जाईल त्याचा नेम नाही.”

नेट पांढरेच घ्यावे, कारण रंगीत नेटचा रंग उतरण्याची भीती असते, आणि ते साबण न लावता नुसत्या गरम पाण्यातून काढावे. नवव्या दिवशी नेट काढले, तेव्हा तिघांतले दोघे एकेक खडा घट्ट धरून बसले होते. तिसरा वाटीतच नव्हता. रबरबँडची एक बाजू वर सरकली होती आणि तेवढ्या फटीतून स्वारी निसटली होती.

लेदर वेगळ्या स्वभावाचा आहे. त्याच्या तुकड्याच्या बुडातून आडवी टूथपिक खुपसून ती प्लगच्या दोन्ही बाजूंना रबरबँडने अडकवायची असते. लाकूड काही आठवड्यांत कुजून जाते आणि तोवर कोरल बसलेला असतो. मी एकदा टूथपिक न वापरता रबरबँड थेट कोरलवरच, तोही दुहेरी ताणून बांधला. चौथ्या दिवशी रबराने लोण्यातून दोरा जावा तसा लेदर मधोमध कापला होता. एक भाग वाचला आणि दुसऱ्याच्या कुजण्याने अख्ख्या दिवाणखान्याला ससून डॉकच्या मासळीचा वास आला. हा कोरल पाण्यात अशी रसायनेही सोडतो, ज्यांनी शेजारच्या कोरलची वाढ खुंटते, म्हणून तो झोताच्या खालच्या अंगाला असावा आणि सम्पमध्ये ती शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन असावा. पुट्टीने बसवलेल्या माझ्या त्या पहिल्या लेदरची जागा चुकली होती, हे मला वर्षभराने, बाजूचे झोआ उघडेनासे झाल्यावर कळले आणि तेव्हा तो पुट्टीत रुतलेला होता.

झेनिया तर वाळूतल्या वेगळ्या दगडावरच ठेवावा, खडकावर त्याला पाऊलही ठेवू देऊ नये. तो तणासारखा पसरतो.

नवीन तुकड्यांसाठी मी काचेला चुंबकाने धरणारी रॅक वापरते. वाशीच्या एका दुकानातून पहिल्यांदा घेतलेल्या रॅकच्या चुंबकावरचे आवरण पाच महिन्यांत तडकले आणि काचेवर तपकिरी ओघळ दिसू लागले. आतले निओडिमियम चुंबक खाऱ्या पाण्यात झपाट्याने गंजते, त्यामुळे आवरणाला केसाएवढी चीर दिसली तरी ते त्याच दिवशी बाहेर काढावे. त्यानंतर मी मुंबईच्या लोहार चाळीतून फॉल्स सीलिंगच्या दिव्याखाली लावतात ती पांढरी चौकोनी प्लास्टिकची जाळी आणली आणि पीव्हीसीच्या चार तुकड्यांवर ठेवून वाळूवर तिचे टेबल केले. तिच्या घरांत प्लगचे दांडे छान बसतात, आणि खर्चाचा आकडा सांगितला तर दुकानदार नाराज होतील.

कोरल उचलता येतो म्हणून तो सतत उचलत राहणे, हा या पद्धतीतला मोठा दोष आहे आणि तो पद्धतीचा नसून आपला आहे. लेदर अधूनमधून अंगावरची मेणासारखी पातळ कात टाकतो आणि त्या काळात काही दिवस मिटून राहतो. नवखा माणूस घाबरून त्याची जागा बदलतो, त्याने तो आणखी मिटतो. मी एका महिन्यात झोआची एक वसाहत चार वेळा हलवली होती. आता मी प्लगचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहिते आणि दहा दिवस झाल्याशिवाय त्याला हात लावत नाही. नवा तुकडा आधी खाली, मंद प्रकाशात ठेवायचा आणि नंतर एकेक भोक वर चढवायचा. मशरूम प्रमाणाबाहेर ताटलीसारखा पसरला तर त्याला प्रकाश कमी पडत असतो, आणि आक्रसून बसला तर बहुधा जास्त होत असतो.

घर बदलण्याच्या दिवशी प्लगचे दांडे थर्माकोलच्या तुकड्यांत खुपसले आणि ते तुकडे खाऱ्या पाण्याच्या झाकणाच्या बादल्यांत उलटे तरंगत सोडले. कोरल डोके खाली करून पाण्यात लटकले, त्यामुळे ते एकमेकांनाही लागले नाहीत आणि बादलीच्या भिंतीलाही लागले नाहीत. घोडबंदर रस्त्यावर त्या दिवशी अडीच तास गेले. बादल्यांत बर्फाच्या बंद बाटल्या फिरवत मी पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवले. खडकांचे दोन मोठे तुकडेही एकमेकांना चिकटवलेले नाहीत, ६ मिलिमीटरच्या ॲक्रिलिक कांड्यांवर नुसते रोवलेले आहेत. ते सुटे करून नव्या घरी तसेच पुन्हा रचले.

वाटीतून निसटलेला तो मशरूम सात आठवड्यांनी सापडला. टँकच्या मागच्या काचेवर, पाण्यात झोत निर्माण करणाऱ्या वेव्हमेकरच्या वायरशेजारी, त्याने स्वतःची जागा धरली आहे आणि आता त्याच्या बाजूला दोन पिल्लेही दिसतात. त्याला तिथून खरवडून काढायचा विचार मी सोडून दिला आहे. पुढचा करार मार्चमध्ये संपतो, तेव्हा तो काचेसकटच येईल.