दोघे मिळून, पण दर वेळी नाही

घरची लग्नकार्ये, वाढदिवस, मित्रमैत्रिणींच्या भेटी, बाग आणि पक्षिनिरीक्षण, एवढे सगळे एका उन्हाळ्यात तुम्हा दोघांना जमते तरी कसे, असे प्रत्येक समारंभात कोणी ना कोणी विचारतेच. तुम्ही विचारलेत म्हणून खरे ते सांगते: दोघांना जमत नाही. एकाला जमते आणि दुसरा घरी राहतो.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही एकही आमंत्रण नाकारले नाही. इतकी वर्षे रजा मिळत नसल्याचे कारण सांगून टाळलेल्या भेटींची सारी थकबाकी दोन महिन्यांत फेडून टाकायची, असा आमचा आवेश होता. तीन आठवड्यांत पाच समारंभ झाले आणि पाचव्या ठिकाणी मला भोवळ आली. तहान लागली नव्हती, म्हणून सकाळपासून मी पाणी प्यायलेच नव्हते. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते आणि शरीरातले पाणी कमी झाले तरी घसा तक्रार करत नाही, हे डॉक्टरांनी समजावले, तेव्हापासून आम्ही घड्याळ पाहून पाणी पितो. घरी परतलो, तर कुंड्यांमधली टोमॅटोची रोपे माना टाकून बसली होती.

पुढच्या वर्षापासून आमंत्रणे वाटून घेतली. माझ्या माहेरच्या कार्याला ते जातात आणि त्यांच्या घरच्या कार्याला मी, कारण आपल्या माणसांत आपल्याला हटकून कामे चिकटतात, पण जोडीदाराच्या माणसांत आपण पाहुणे असतो, असा त्यांचा तर्क होता. माझ्या बाबतीत तो फारसा खरा ठरलेला नाही, हे येथे नोंदवून ठेवते. सुरुवातीला आमचे काही बिनसले आहे की काय, अशी कुजबुजही झाली. एका आत्याबाईंनी तर मला बाजूला घेऊन समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाचीच्या लग्नाला ते गेले, तेव्हा खिडकीबाहेर टांगलेल्या लाकडी पेटीत चिमण्यांनी अंडी घातलेली होती. ती उबायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात आणि नर व मादी आळीपाळीने घरट्यात बसतात. रात्रपाळी मात्र मादीचीच असते. दाणे टिपणाऱ्या या पक्ष्यांच्या चोचीत पिल्ले बाहेर आल्यावर अळ्या आणि किडे दिसू लागले, तेव्हा टोमॅटोवर कीटकनाशक फवारण्याचा बेत मी रद्द केला. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात, हे ठाऊक असूनही तो क्षण हुकेल या धास्तीने मी खिडकीपाशीच बसून राहिले. अखेर पहिले पिल्लू उडाले, ते नेमके लग्नाच्या दिवशी. मी तातडीने फोन लावला. गलबल्यात यांना फक्त 'उडाले' एवढेच ऐकू आले आणि काय उडाले, कोण उडाले, म्हणून शेजारच्या चार पाहुण्यांसह ते घाबरले.

बाहेरचे छंद आम्ही सकाळी नऊच्या आत उरकतो. झाडांना पाणी घालायचे तेव्हाच, म्हणजे ते उन्हात उडून जाण्यापूर्वी मुळांपर्यंत पोहोचते. सकाळी फिरायला येणारे स्नेही आम्हाला समारंभाविनाच रोज भेटतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आमच्या लग्नाचा 37 वा वाढदिवस मात्र याला अपवाद होता. त्या संध्याकाळी आम्ही दोघेही घरी होतो. मुले, नातवंडे आणि ते स्नेही गच्चीवर जमले होते. ताऱ्यांचा नाद असलेल्या एका मित्राने सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत स्वाती नक्षत्राचा नारिंगी तारा दाखवला आणि तो सुमारे 37 प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे आज दिसणारा प्रकाश तुमच्या लग्नाच्या सुमारास तेथून निघाला होता, असे सांगितले. तेव्हा आठ वर्षांच्या नातीने विचारले, मग आत्ता निघालेला प्रकाश येथे पोहोचेल तेव्हा आपण किती वर्षांचे असू? आम्ही दोघांनी मनातल्या मनात बेरीज करून एकमेकांकडे पाहिले आणि तिला फक्त तिचे वय मोजायला सांगितले. पंचेचाळीस, असे तिने बोटांवर मोजून सांगितले.