घरी रंगलेली पोकरची रात्र

आज मित्रमंडळी पोकर खेळायला घरी आली होती. सगळे गेलेत, पण मला काही झोप येत नाहीये. पैसे लावायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, सगळ्यांना सारख्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या). तरी चुरस जराही कमी झाली नाही! टेबलावर जाड चादर अंथरली होती, त्यामुळे पत्ते अलगद उचलता येत होते (हे नक्की करून बघा).

दोघं अगदी नवखे. हातात २ पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून ५, त्यातून उत्तम ५ जमवायचे, एवढं लगेच कळलं. पण फ्लश (पाचही पत्ते एकाच चिन्हाचे) स्ट्रेटपेक्षा (पाच पत्ते सलग क्रमाने) मोठा का, इथे गाडी अडली. ५२ पत्त्यांतून साधा स्ट्रेट १०,२०० प्रकारे जमतो, साधा फ्लश फक्त ५,१०८ प्रकारे. दुर्मीळ म्हणून वरचढ. हे ऐकून त्यातल्या एकीचा चेहरा काय खुलला!

शेवटच्या डावात तिनेच, हातात साधी जोडीही नसताना, सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. बोटं थरथरत होती, नजर मात्र ढळली नाही. समोरच्याने खूप विचार केला आणि दोन जोड्या असूनही पत्ते टाकून दिले. काय कौतुक वाटलं तिचं! पुढच्या महिन्यात पुन्हा जमतोय, ती पहिली हो म्हणालीये.