‘पालक आणा, मग खातं उघडू’: माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, प्रमाणपत्रावर 50 टक्के. विशेष शाळा, मग कार्यशाळेत पॅकिंगचं प्रशिक्षण, मग कारखान्यात नोकरी. हे सगळं चांगल्या माणसांमुळे सुरळीत पार पडलं. अडलं ते बँकेत. पगार जमा करायला कारखान्याला त्याच्या नावाचं खातं हवं होतं, आणि बँकेला हवा होता कायद्याने नेमलेला पालक.

भाऊ 22 वर्षांचा आहे. आधार आणि पॅनसोबत त्याने मोठ्या अभिमानाने आपलं यूडीआयडी कार्डही, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्रही, पुढे केलं. ते पाहताच काउंटरवरच्या साहेबांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "यांना व्यवहार कळतो का? कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा." भाऊ शेजारच्याच खुर्चीत होता. तो म्हणाला, "मला कळतं. पगार माझा आहे." तरी साहेब माझ्याकडेच बघत म्हणाले, "मॅडम, नियम आहे."

तो राग अजून गेलेला नाही. ज्याला उत्तर देता येतं, त्याला प्रश्नच विचारायचा नाही?

नियम काय आहे ते नीट समजून घ्या. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमता येतो. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. त्या समितीत जिल्हाधिकारी असतात. मुलाला व्यवहार खरंच समजत नसेल तर हे प्रमाणपत्र जरूर काढा, बँका ते मानतात. पण दिव्यांगत्व आहे म्हणून पालक हवाच, असं कायदा कुठेही म्हणत नाही. करार कायदा 1872 चं कलम 12 एवढंच विचारतं की करार करताना माणसाला तो समजतोय का आणि आपलं भलंबुरं ठरवता येतंय का. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 13 मध्ये आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने दिलेला आहे. आणि रिझर्व्ह बँक तर दहा वर्षांवरच्या मुलांनाही स्वतःचं बचत खातं चालवू देते. मग कमावत्या माणसाला का नाही?

हे सगळं मी तोंडी सांगत राहिले, तोवर ‘वरून विचारून सांगतो’ यापलीकडे काही झालं नाही. शेवटी दोन्ही कलमं घालून भावाच्या सहीचा अर्ज दिला, पोच घेतली आणि नकार असेल तर कारणासह लेखी द्या, असं मागितलं. लेखी नकार द्यायला कोणी तयार होईना. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, हेही अर्जात लिहिलं होतं.

मग शाखा व्यवस्थापक बाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्याशी बोललं. "पैसे कशाला हवेत?" "बसचा पास. आईला साडी." "पिन कोणी मागितला तर?" "द्यायचा नाही. ताईलापण नाही." त्यांनी तिथेच फॉर्मवर सही केली.

सहीवरून आठवलं. त्याची अक्षरं कधी मोठी, कधी लहान येतात. फॉर्मवरच्या चौकटीएवढी चौकट वहीत आखून रोज त्यात सही करून घ्या, महिनाभर आधीपासून. एटीएमच्या आकड्यांचा सराव फोनच्या कीपॅडवर होतो. कार्डावरची रोजची मर्यादा कमी ठेवून घ्या, म्हणजे घरच्यांचाही जीव घाबरा होत नाही.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी करायचं काम: लहानपणी काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते. अठरा पूर्ण झाल्यावर ते अद्ययावत करून घ्या, नोकरीची वाट बघू नका.

बसने एकटं जायला शिकवताना मी आधी शेजारी बसले, मग मागच्या सीटवर, मग मागून येणाऱ्या बसमध्ये. तेवढ्यावर तो शिकला. बँकेपेक्षा ते कितीतरी सोपं गेलं. पगार जमा झाल्याचा मेसेज आता त्याच्याच फोनवर येतो आणि तो सगळ्यांना वाचून दाखवतो.