साहेबांचा मूड

नागपुरात आयटी पार्कच्या रस्त्यावर, सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्याभोवती उभी असलेली एखादी टीम बघा. "अबे, असं करून पाह्यलं तं?" दर दोन घासांमागे काहीतरी नवं निघतं. हीच मंडळी अकराच्या मीटिंगला बसली की लॅपटॉपच्या आड चिडीचूप. कारण आता समोर साहेब असतात, आणि साहेबांच्या कपाळावर आठ्या.

हा मूड न बोलताही इतरांना लागतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गटप्रमुखांना आधी चित्रफीत दाखवली, कुणाला हसवणारी, कुणाला वैताग आणणारी. मग गटाने डोळ्यांवर पट्टी बांधून तंबू उभारायचा. प्रमुखाने काय पाहिलं हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं, तरी त्याचा मूड त्यांच्यात उतरलाच. खुशीतल्या प्रमुखाच्या गटांचा ताळमेळ चांगला जमला. गंमत म्हणजे वैतागलेल्याच्या गटांनी कष्ट जास्त उपसले. तेव्हा मार्चएंडची बिलं काढताना आठ्या चालून जातील.

डोकं चालवायचं असेल तर मात्र हसू हवं. मानसशास्त्रज्ञ ॲलिस आयसेन यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांपुढे मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांची डबी ठेवली. मेण खाली न सांडता मेणबत्ती भिंतीवर लावा! डबी रिकामी करायची, भिंतीला टाचायची, तिच्यावर मेणबत्ती उभी करायची. विनोदी फिल्म पाहून आलेल्यांना हे कितीतरी अधिक वेळा सुचलं.

पण म्हणून सक्तीचा 'फन फ्रायडे' नको. त्यात हसतात ते फक्त फोटोपुरते. साहेबांनी मीटिंगची पहिली पाच मिनिटं टार्गेटचं नाव काढू नये, एवढं पुरे. मग प्रश्न एका ओळीत फळ्यावर लिहायचा आणि दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठ्यांवर लिहायचं. सहा जणांत एक बोलत असतो तेव्हा उरलेल्या पाचांचं सुचलेलं हवेत विरतं. चिठ्ठ्या नाव न घेता वाचायच्या, साहेबांची सगळ्यात शेवटी. ती आधी वाचली की पुढचं सगळं "हो सर, बरोबर सर".

खुशीतल्या टीमला सगळंच झकास वाटतं, हाही एक वांधाच. त्यामुळे चिकित्सा हवीच, पण दुसऱ्या दिवशी. ती तर्रीसारखी ऐन वेळी वरून घ्यायची. आधीच ओतून ठेवली तर पोह्यांचा लगदा होतो.

आणि मे महिन्यात हे सगळं दुपारी तीनला ठेवू नका. पारा 45 वर, कूलरची टाकी कोरडी; अशा वेळी साहेब कितीही गोड हसले तरी टीमपुढे प्रश्न एकच असतो: पाणी कोण भरणार?