काळ्या रानात गाडी घालण्याआधी: बीड ते सौताडा आणि डिकीतलं सामान

ऑफ-रोडिंगचं सामान म्हणून दुकानात जे मांडलेलं असतं ते बहुतेक राजस्थानची वाळू नाहीतर लडाखची थंडी डोळ्यांसमोर ठेवून. मराठवाड्यात नवशिक्याची गाडी अडते ती तीन गोष्टींपायी: काळी चिकण माती, धारेचा दगड आणि बाभळीचा काटा. दिवाळी झाल्यावर आम्ही बालाघाटाच्या माळावर फिरून आलो. बीड, मांजरसुंबा, लिंबागणेश, पाटोदा, सौताडा असा रस्ता, आणि मधेमधे डांबर सोडून पाणंदी, गाडीवाटा, ओढ्याकाठचे रस्ते. त्यात डिकीतलं काय कामाला आलं आणि काय नुसतं खडखडत राहिलं, ते लिहितो.

गाड्या दोन. माझी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी, आणि दाजींची साधी, मागच्या चाकांवर चालणारी बोलेरो. सामानाच्या यादीत पहिलं नाव मी दुसऱ्या गाडीचंच लिहीन. दोरी कितीही भारी आणली तरी ती ओढायला समोर कुणीतरी लागतं, आणि भर दुपारी रानात ट्रॅक्टर मिळेलच असं नाही.

मांजरसुंब्याचा घाट चढून वर आलं की रानाचा रंग बदलतो. वर मुरमाड बरड, खाली खोलगट भागात काळी. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, त्यामुळं लहान-मोठे ओढे पावलोपावली. उतारांवर सीताफळीची झुडपं, रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते मिळायला हवंच होतं, एवढं म्हणून पुढं जातो, नाहीतर लेख सीताफळाचाच होईल.

इथली एक गोष्ट आधी समजून घ्या. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. वरून पांढुरकी, वाळलेली दिसणारी साय चार बोटांची असते, खाली लोणी. परतीचा पाऊस होऊन आठवडा गेला तरी सखल भाग आतून ओला राहतो. म्हणून टायरच्या आधी काठी. पहारेचा तुकडा किंवा साधी वेळूची काठी घेऊन खाली उतरायचं आणि मातीत दाबून बघायचं. टाचेएवढी सहज आत गेली तर वळसा घ्या. हे सामान फुकटात मिळतं आणि सगळ्यात जास्त वाचवतं.

दाजींची बोलेरो फसली ती अशाच एका जागी, ओढ्याच्या अलीकडं. समोर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या, त्यांनी त्या धरल्या. पण ट्रॅक्टरचं मागचं चाक केवढं आणि बोलेरोचं केवढं! चाकोरीच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागला आणि मागची चाकं जागेवर फिरायला लागली. बांधावरून एक आप्पा बघत होते. म्हणाले, "तिथं कशाला घालायलाव गाडी? ते चिबाड हाय. वरून माळानं जावा की, खडक लागंल." चिबाड म्हणजे पाणी धरून राहणारं दलदलीचं रान. हे दहा मिनिटं आधी विचारलं असतं तर सांगितलं असतंच त्यांनी.

आता खरं काम. गाडी रुतली की लगेच दोरी बांधून हिसका द्यायचा नाही. ओढून काढण्याचा लष्करी आडाखा असा की चाकं रुतलेली असतील तर गाडीच्या वजनाइतकाच जोर वर लागतो, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट. म्हणजे फावड्यानं काढलेली प्रत्येक पाटी दोरीवरचा ताण कमी करते. आम्ही पोटाखालचा उंचवटा आधी खणला. नेहमीचं लांब दांड्याचं फावडं गाडीखाली चालत नाही. आखूड दांड्याचं फावडं, एक टिकाव आणि एक खुरपं घ्या. खुरपं मी कुठल्याच यादीत पाहिलेलं नाही, आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ हातात तेच होतं. काळा चिखल चाकाला चिकटून वरच्या मडगार्डच्या पोकळीत भरत जातो, त्यात गवत मिसळतं, आणि थोड्या वेळात तो इतका गच्च होतो की चाक फिरायचं थांबतं. टायरच्या खाचा बुजून टायर बोडकं होतं. पाणी ओतलं तर आणखी राडा. खुरप्याचं टोक आत घालून, थराथरानं, ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर सांभाळत तो खरवडून काढावा लागतो. नखांत गेलेली ती काळी चार दिवस निघाली नाही.

चाकाखाली टाकायला प्लॅस्टिकच्या फळ्या मिळतात. चांगल्या असतात, एक जोड परवडत असेल तर घ्या. नसतील तर शेताच्या कडेला तुराट्या किंवा पऱ्हाट्या असतात, शेतकऱ्याला विचारून पेंढीभर आणा. आडव्या टाकायच्या, चाकाच्या अगदी पुढ्यात खुपसून. पऱ्हाटीच्या खुंटांची टोकं तेवढी बघा, टायरच्या कडेला घुसतात. दगड टाकायचे असतील तर हातानं उचलू नका, आधी फावड्यानं उलथा. या माळावर विंचू आहेत, फुरसं आहे, घोणस आहे. जाड हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट ही शोभेची गोष्ट नाही, चप्पल घालून येणाऱ्याला गाडीतच बसवा. साप चावला तर बांधाबांध, चिरणं, मांत्रिक काही नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना, 108 ला फोन.

दोरीबद्दल जरा सविस्तर, कारण जीव जातो तो इथं. ताणली जाणारी पट्टी वेगळी आणि नुसती ओढायची पट्टी वेगळी. ताणणारी लांबीच्या 20 ते 30 टक्के वाढते आणि तो जोर गाडीला हळूच देते. साध्या पट्टीला हिसका दिला तर काहीतरी तुटतंच. भरलेली गाडी दोन-अडीच टनांची धरा, पट्टी किमान 8 टनांची घ्या. पट्टी गाडीला जोडायला लोखंडी शॅकल (आडव्या पीननं बंद होणारी कडी) घेणार असाल तर त्यावर सुरक्षित भार कोरलेला हवा, 3.25 किंवा 4.75 टन. आकडा नसलेला शॅकल हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतो, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ठेवा. पीन पूर्ण आवळून पाव फेरी मागं फिरवायची, नाहीतर नंतर सुटत नाही.

आणि पट्टी कुठं बांधायची? ट्रॉली ओढायच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटला की गोळीसारखा सुटतो, काचेतून आत येतो. नव्या गाड्यांच्या बंपरमध्ये फिरवून बसवायची जी कडी मिळते ती बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून न्यायला असते, रुतलेली गाडी उपटायला नाही. चॅसीला बोल्टनं बसवलेला हूक आहे का, हे घरीच गाडीखाली वाकून बघा. पुढं एक, मागं एक. नसेल तर सामानाचे पैसे सगळ्यात आधी तिथं घाला. बोलेरोला चॅसी असल्यानं ते सोपं गेलं. ओढताना पट्टीच्या मधोमध ओलं पोतं टाकलं, आणि सगळ्यांना पट्टीच्या दीडपट लांब उभं केलं. बघायला जमलेल्या पोरांना हटवणं हे गाडी काढण्यापेक्षा अवघड गेलं. मी लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-बाय-फोरच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरजोडीत, दुसरा गिअर टाकून सावकाश घेतलं, दाजींनी पहिल्यात हलका ॲक्सिलरेटर. निघाली.

जॅक गाडीसोबत आलेलाच ठेवा, पण त्याखाली टाकायला फुटभर लांबी-रुंदीची जाड फळी हवी. काळ्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतः खाली जातो. आमची बाभळीची होती, गावातल्या सुताराकडून कापून घेतलेली. तो उंच दांड्याचा लाल जॅक फोटोत छान दिसतो. नवशिक्यानं तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. निसटला की दांडा जबड्यावर बसतो, आणि आजकालच्या बंपरांना तो लावायला जागाही नसते.

आता हवा. टायरची हवा कमी केली की पकड वाढते हे सगळे सांगतात. वाळूत 18 पीएसआयपर्यंत उतरवतात, ते इथं आंधळेपणानं करू नका. बालाघाटावर चिखल संपला की लगेच बेसाल्टचा धारेचा दगड लागतो. हवा कमी असली की टायरच्या भिंती बाहेर फुगतात आणि नेमक्या तिथंच चिरतात. भिंतीला चीर गेली तर पंक्चरच्या भोकात खुपसायची रबरी वात काही करत नाही. डांबरावर 33 असेल तर इथं 25 च्या आसपास ठेवा. म्हणजे हवा मोजायचा गेज आणि परत भरायला पंप. पंप बॅटरीला चिमट्यानं लागणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सहसा 10-15 अँपिअरचा असतो, मोठं टायर भरता भरता उडतो.

काट्यांसाठी ट्यूबलेस पंक्चरचं किट, आणि वाती भरपूर. वेड्या बाभळीचा काटा आत मोडतो, बाहेरून दिसत नाही, हवा रात्रभरात जाते. साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली ठेवली की बुडबुड्यांवरून भोक सापडतं. स्टेपनी पूर्ण मापाची हवी आणि तिच्यातली हवा निघण्याआधी बघा. काही गाड्यांत बारकी स्टेपनी येते, ती घेऊन माळावर जाणं म्हणजे नसल्यासारखंच.

एक धोका फारसा कुणी बोलत नाही. दिवाळीनंतर माळावरचं गवत वाळून कमरेएवढं होतं. ते गाडीखाली सायलेन्सरभोवती अडकतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी जाळण्याची जी प्रक्रिया चालते तेव्हा आतलं तापमान 600 अंशांच्या घरात जातं. उंच गवतात गाडी उभी करून जेवायला बसू नका. वेळोवेळी वाकून गवत काढा, आणि एक किलोचं अग्निशामक नळकांडं सीटशेजारी बांधा, डिकीत सामानाखाली नाही. कुसळं रेडिएटरच्या जाळीत बसतात, तीही ब्रशनं झाडायची. इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला तर कारण बहुधा तेच.

पाणी माणशी पाच लिटर, शिवाय धुण्याचं वेगळं कॅन. खाण्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दोन दिवस टिकतात आणि चिखलाच्या हातानंही खाता येतात.

विंच (बंपरवरची दोर ओढणारी मोटर), छतावरचा तंबू, दिव्यांची पट्टी, डिझेलचं कॅन, यातलं काही नेलं नाही आणि अडलंही नाही. पेट्रोल पंप रस्त्यावर आहेत. रात्री तर या भागात कच्च्या वाटेवर चालवूच नका. ऊसतोडीचा हंगाम लागला की दुहेरी ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना चालतात, ते डांबरावरच पुरेसं भितीदायक आहे.

नायगावचं मयूर अभयारण्य याच वाटेवर आहे. तिथं रस्ता सोडायचा नाही, वन्यजीव कायदा लागतो. बाकी ठिकाणी गायरान आणि वहिवाटीची वाट बघून जा. पेरलेली ज्वारी उगवलेली असते, आणि कुणाचा बांध चाकाखाली घेऊ नका. बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेत, तुमची काय कथा. 2025 च्या सप्टेंबरातल्या पुरानं जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी काठ खरवडून गेलेत, त्यामुळं मोबाइलच्या नकाशावरचा ओढ्यातला उतार जागेवर असेलच असं धरू नका. पायी पार करून बघा, मग गाडी. सौताड्याला धबधबा बघायला मात्र गाडी वर लावून पायऱ्या उतरा. खाली रामेश्वराचं देऊळ आहे, दरी खोल आहे, आणि तिथं चाकांचं काही काम नाही.

परतताना डांबराला लागल्यावर दोन गोष्टी लगेच करा. हवा परत 33 ला आणा, आणि रिमच्या आतल्या बाजूला बसलेला चिखल खुरप्यानं काढा. तो वाळला की चाकाचा तोल जातो आणि ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. आमच्या पुढं थांबलेल्या एका गाडीवाल्याला वाटलं अलाइनमेंट गेलं. त्याच्या एका रिममधून घमेलंभर माती निघाली.