"आमेन" म्हटलं, आणि...

"आमेन" म्हटलं आणि डोळे उघडायच्या आधीच मनात आलं, मैत्रिणीची प्रार्थना माझ्यापेक्षा छान झाली.

हात जोडलेले, मान खाली, आणि मी चक्क गुण देत बसले होते! तिला शब्द कसे सुचतात, आवाज कसा भरून येतो. माझी आपली तीच ती चार वाक्यं. नोकरी, घर, मुलांचे मार्क यांत मी तुलना करते हे ठाऊक होतं. पण इथेही?

घरी येऊन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय काढला. "मी येशूला ओळखत नाही" असं तीनदा म्हणणारा त्याचाच शिष्य पेत्र. त्याला येशू तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हाती सोपवतो. एवढी मोठी क्षमा! त्यानंतर पेत्र काय करतो? मागे वळतो, दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि म्हणतो, "प्रभू, ह्याचं काय?"

मला हसूच फुटलं. अगदी मीच.

येशूचं उत्तर तसं कडकच आहे: त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. "तूही त्याच्याइतकाच चांगला आहेस" असं तो म्हणतच नाही. खरं तर मला तेच ऐकायचं होतं. पण तो मोजपट्टीच हातातून काढून घेतो.

रात्री तिचा मेसेज आला. "तुझी प्रार्थना किती साधी असते गं. मला तसं जमतच नाही."

आता हिला काय उत्तर देऊ?